चेर्नोबिलची धूळ आणि कोर्सिकाजवळचा सापळा: समुद्राच्या पाण्यातले धातू खाली कसे जातात

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, तेव्हा तिथून साधारण १,९०० किलोमीटरवर, वायव्य भूमध्य समुद्रात कोर्सिका बेटाजवळ, पाण्याखाली २०० मीटरवर एक सापळा टांगलेला होता. अपघाताशी त्याचा काही संबंध नव्हता. वरच्या थरातून खाली पडणारे कण गोळा करण्याच्या एका नेहमीच्या अभ्यासासाठी तो १३ एप्रिलला सोडला होता. तिथे समुद्राचा तळ सुमारे २,२०० मीटरवर आहे. सापळ्याच्या नरसाळ्याखालची बाटली दर सव्वासहा दिवसांनी आपोआप बदलत होती. अशा सहा बाटल्या, म्हणजे २१ मेच्या आसपासपर्यंतची नोंद. अपघाताच्या आधीच्या दोन बाटल्या, धूळ येतानाच्या दोन आणि नंतरच्या दोन, अशी विभागणी योगायोगानेच झाली. ठरवून केला असता तरी प्रयोग याहून चांगला आखता आला नसता.

विरघळलेले धातू कणांना चिकटून समुद्राच्या पाण्यातून निघून जातात, हे तोपर्यंत सर्वमान्य होते. थोरिअम, शिसे, ॲल्युमिनिअम, लोह यांचे पाण्यातले प्रमाण त्यांच्या क्षारांच्या विद्राव्यतेवरून जेवढे असायला हवे त्याहून फारच कमी असते. म्हणजे क्षार बनून खाली बसण्याची वेळ येण्याआधीच कोणीतरी त्यांना उचलून नेते. अडचण अशी की समुद्रात हे सगळे एकाच वेळी, सगळीकडे, कायम चालू असते. वरून धातू येत राहतो, खाली जात राहतो, आणि मोजणाऱ्याला दिसते ते फक्त मधले स्थिर प्रमाण. कोणता अणू कधी आला आणि कधी गेला हे कळायला एक ठळक सुरुवात लागते. मे १९८६ च्या पहिल्या आठवड्यात भूमध्य समुद्राला ती मिळाली. रासायनिक स्वभावाने एकमेकांपासून अगदी वेगळी अशी डझनभर मूलद्रव्ये जवळपास एकाच वेळी पृष्ठभागावर पडली, तीही वजनाने इतकी नगण्य की समुद्राच्या रसायनावर त्यांचा काही परिणाम होणे शक्य नव्हते.

बाटलीत नक्की काय जमते

सापळा ऐकायला सोपा वाटतो. नांगराला बांधलेली दोरी, तिला ताठ ठेवणारे तरंगगोळे, मध्ये एक रुंद तोंडाचे नरसाळे आणि खाली मोटरवर फिरणाऱ्या तबकडीत बसवलेल्या बाटल्या. प्रत्यक्षात त्यातून मिळणाऱ्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हा या विषयातला जुना वाद आहे. प्रवाह जोरात असेल तर पाणी नरसाळ्याच्या तोंडावरून घसरत जाते आणि हलके कण आत पडतच नाहीत. दोरी कलली की तोंडाचे क्षेत्रफळच बदलते. आणि आत पडलेल्या मालावर जिवाणू लगेच ताव मारतात, म्हणून बाटलीत बोरॅक्सने आम्लता मारलेले फॉर्मॅलिन किंवा दुसरे विष घालावे लागते. ते बाटलीतच राहावे म्हणून त्या पाण्यात थोडे जास्तीचे मीठ टाकतात. जड पाणी खाली बसते आणि वरच्या पाण्यात मिसळत नाही.

या विषाचा एक उपद्रवही आहे. जिवंत कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले इवलेसे कवचधारी प्राणी, पोहत नरसाळ्यात येतात आणि तिथेच मरतात. ते पडलेले कण नव्हेत, तरी वजनात मोजले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने त्यांना एकेक करून वेचून काढावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर हिशोब फसतो. उथळ सापळ्यांत अशा पोहणाऱ्यांचे वजन खऱ्या पडलेल्या मालापेक्षाही जास्त भरू शकते. दुसरी चूक जास्त बेमालूम असते: बाटली महिनाभर खाली राहते, तेवढ्यात कणांवरचे काही धातू सुटून बाटलीतल्याच पाण्यात उतरतात. फक्त गाळ गाळून मोजला आणि वरचे पाणी फेकून दिले तर कॅडमिअम, मँगनीज यांसारखे धातू हमखास कमी भरतात. थोरिअम किंवा सीरिअम सहसा सुटत नाहीत, पण ते गृहीत न धरता पाणी मोजून घेतलेले बरे.

मोजणी

किरणोत्सारी द्रव्यांचा फायदा असा की गाळ विरघळवण्याआधीच बरेच काही कळते. वाळवलेला नमुना उच्च शुद्धतेच्या जर्मेनिअम शोधकासमोर ठेवला की प्रत्येक समस्थानिक आपापल्या ऊर्जेच्या गॅमा रेषेवरून ओळखू येतो. सीझिअम-१३७ ची रेषा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, रुथेनिअम-१०३ ची ४९७ ला, सीरिअम-१४१ ची १४५ ला, सीरिअम-१४४ ची १३३.५ ला. प्लुटोनिअम, अमेरिसिअम आणि क्युरिअमसाठी मात्र रासायनिक वेगळेपणा आणि अल्फा मोजणी करावी लागते.

इथे तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिले, काळ. सीरिअम-१४१ चे अर्धायुष्य ३२.५ दिवस. सापळा वर येऊन नमुना मोजायला दोन महिने लागले तर मूळच्या जेमतेम २८ टक्के उरते. त्यामुळे प्रत्येक आकडा बाटली उघडी असतानाच्या तारखेला मागे नेऊन लिहावा लागतो. दुसरे, झिर्कोनिअम-९५ (६४ दिवस) हे नायोबिअम-९५ (३५ दिवस) चे जनक आहे. नमुना पडून राहिला तरी नायोबिअम तयार होत राहते. साधी क्षय-दुरुस्ती लावली तर नायोबिअमचा मूळ आकडा चुकतो, म्हणून जनक आणि अपत्य यांची जोडीने दुरुस्ती करायची. त्यांच्या रेषाही ७५७ आणि ७६६ वर अगदी शेजारी आहेत. जर्मेनिअम शोधकाला त्या वेगळ्या दिसतात, साध्या सोडिअम आयोडाइड शोधकाला नाही. तिसरे, १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अण्वस्त्र चाचण्यांमधले सीझिअम-१३७ समुद्रात आधीपासूनच होते. यातले चेर्नोबिलचे किती हे ओळखायची खूण म्हणजे सीझिअम-१३४. त्याचे अर्धायुष्य दोन वर्षांचे, त्यामुळे जुन्या चाचण्यांमधले काही उरणे शक्य नाही. चेर्नोबिलच्या धुळीत १३४ आणि १३७ यांचे प्रमाण सुमारे ०.५ होते. सीझिअम-१३४ मोजायचे, दुपटीने चेर्नोबिलचे १३७ काढायचे, उरलेले जुने.

काय दिसले

८ ते १५ मेच्या बाटलीत सीरिअम, झिर्कोनिअम, नायोबिअम आणि प्लुटोनिअमच्या गटातली मूलद्रव्ये ठळकपणे आली. पृष्ठभागावर धूळ पडण्याचा जोर आणि २०० मीटरवर ती पोचण्याचा जोर यांत साधारण सात दिवसांचे अंतर. २०० भागिले ७, म्हणजे दिवसाला सुमारे २९ मीटर.

हा आकडा मीटरच्या अचूकतेने घेऊ नये. बाटली सव्वासहा दिवसांची होती आणि धूळही एका दुपारीच पडली नव्हती. पृष्ठभागावरचा जोर ३ मेच्या आसपास धरला तर ८ ते १५ मे म्हणजे ५ ते १२ दिवस, अर्थात दिवसाला १७ ते ४० मीटर. पण ही संपूर्ण पट्टी घेतली तरी निष्कर्ष बदलत नाही.

सीझिअमचे वागणे अगदी उलट. ते बाटलीत सापडले, पण पृष्ठभागावर जेवढे पडले होते त्याच्या मानाने अत्यल्प. बाकीचे विरघळलेल्या स्थितीत पाण्यातच राहिले आणि पुढे वर्षानुवर्षे पाण्याबरोबर फिरत राहिले. भूमध्य समुद्रात खोल पाणी कसे तयार होते हे शोधायला संशोधकांनी त्याचाच माग काढला. २०११ नंतर फुकुशिमाचे सीझिअम असेच विरघळलेल्या रूपात प्रशांत महासागर ओलांडून २०१३ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात पोचले.

बाटल्यांमधल्या मालात सूक्ष्मदर्शकाखाली मुख्यतः प्राणीप्लवकांच्या (पाण्यात तरंगत जगणाऱ्या इवल्या प्राण्यांच्या), विशेषतः कोपेपॉडांच्या, लेंड्या होत्या. त्याच सुमारास मोनॅकोजवळ पकडलेल्या कोपेपॉडांनी टाकलेल्या ताज्या लेंड्यांमध्येही हीच द्रव्ये भरपूर होती, तर प्राण्यांच्या शरीरात त्या मानाने फारच कमी. ते खात होते, पण पचवत नव्हते. जे पचत नव्हते ते बांधून खाली पाठवत होते.

चिकटणे हे अर्धेच काम

धातू कणाला किती चिकटतो हे एका गुणोत्तरात सांगतात: एक किलो कोरड्या कणांवर बसलेला धातू हा एक लिटर पाण्यात उरलेल्याच्या किती पट. याला वितरण गुणांक म्हणतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने किनाऱ्यालगतच्या समुद्रासाठी शिफारस केलेली मूल्ये अशी: सीझिअम ४,०००, रुथेनिअम ४०,०००, प्लुटोनिअम १ लाख, अमेरिसिअम २० लाख, सीरिअम आणि थोरिअम सुमारे ३० लाख.

आकडे मोठे दिसतात म्हणून फसायचे नाही, कारण समुद्रात कण फार थोडे असतात. स्वच्छ पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम कण धरू. म्हणजे लिटरमागे एक किलोचा एक कोटीवा भाग. गुणांकाला याने गुणायचे आणि आलेल्या संख्येला (१ + तीच संख्या) ने भागायचे. थोरिअमसाठी गुणाकार ०.३, म्हणून कणांवरचा वाटा २३ टक्के. अमेरिसिअम १७ टक्के, प्लुटोनिअम एक टक्का, सीझिअम ०.०४ टक्के. सीझिअम खाली का गेले नाही याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

हा फरक येतो कुठून? समुद्रातल्या बहुतेक कणांचा पृष्ठभाग म्हणजे लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवरचे किंवा सेंद्रिय आवरणावरचे ऑक्सिजनचे गट. ज्या धातूचा आयन लहान आणि त्यावरचा विद्युतभार जास्त, तो पाण्यातून हायड्रॉक्साइड ओढून घेतो आणि त्याच ओढीने पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनलाही घट्ट धरतो. चार धन भारांचे थोरिअम आणि झिर्कोनिअम, तीन किंवा चार भारांचे सीरिअम या वर्गातले. सीझिअमवर एकच धन भार, आकार मोठा. त्याला हायड्रॉक्साइडचे काही पडलेले नाही. युरेनिअमचा भार मोठा असूनही ते पाण्यात राहते, कारण समुद्रातला कार्बोनेट त्याला तिहेरी मिठीत पकडून ठेवतो. भारावरून सरळ अंदाज बांधणाऱ्यांनी युरेनिअम लक्षात ठेवावे.

आता दुसरा अर्धा भाग. ज्या कणांवर धातू बसतो ते मुख्यतः बारीक कण असतात, कारण पृष्ठभाग त्यांच्याकडेच असतो. एक मायक्रॉन व्यासाच्या कणांना वजनामागे १०० मायक्रॉनच्या कणांच्या शंभरपट पृष्ठभाग मिळतो. पण बारीक कण बुडत नाहीत. द्रवात बुडणाऱ्या बारीक गोळ्याचा वेग सांगणाऱ्या स्टोक्सच्या नियमाने हिशोब मांडून पाहावा: दोन मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण, पाण्याहून घनमीटरमागे १,५०० किलो जड, २० अंश तापमानाचे पाणी. वेग येतो दिवसाला पाव मीटर. २०० मीटर उतरायला दोन वर्षे. सापळ्यात तो सात दिवसांत आला.

कोपेपॉडची लेंडी घ्या. सुमारे ५० मायक्रॉन रुंद, शे-दीडशे मायक्रॉन लांब. गोल धरली तर साधारण ८० मायक्रॉन व्यासाची. पाण्याहून घनमीटरमागे फक्त १५० किलो जड. तोच नियम वापरला तर दिवसाला सुमारे ४० मीटर. सापळ्याच्या आकड्याच्या जवळपास. स्टोक्सचा नियम गोळ्यासाठी आहे आणि लेंडी दंडगोल असते, त्यामुळे हा आकडा जुळला म्हणून फार खूश होऊ नये. पण दिवसाला पाव मीटर आणि दिवसाला चाळीस मीटर यांत गोंधळ होण्याची शक्यता नाही.

म्हणजे धातू पकडणारे वेगळे आणि वाहून नेणारे वेगळे. बारीक कण पकडतात, प्राणी त्यांना खाऊन बांधतात, लेंडी वाहून नेते. प्राणी नसतील तिथे बारीक कण एकमेकांवर आपटून हळूहळू गोळे बनवतात. वनस्पतीप्लवकांनी सोडलेला चिकट स्राव त्यांना धरून ठेवतो आणि पांढुरक्या पुंजक्यांच्या रूपात तेही खाली जातात. पण याला वेळ लागतो.

एक आक्षेप, तोही गंभीर

चेर्नोबिलच्या धुळीतले सीरिअम, झिर्कोनिअम आणि प्लुटोनिअम मुळात विरघळलेले होते का? ही मूलद्रव्ये उष्णतेने सहज उडत नाहीत. भट्टीतून ती बरीचशी इंधनाच्या सूक्ष्म कणांच्या, म्हणजे युरेनिअम ऑक्साइडच्या चुऱ्याच्या, रूपात बाहेर पडली. सीझिअम मात्र वाफ होऊन निघाले आणि हवेतल्या बारीक धुळीवर थिजले, म्हणून पाण्यात पडताच सुटले. मग सापळ्यातले सीरिअम पाण्यातून कणांनी 'गोळा' केले, की ते आले तेच कण म्हणून आणि फक्त खाली गेले?

या प्रश्नाला बगल देऊन ही घटना अधिशोषणाचा, म्हणजे विरघळलेला धातू कणांच्या पृष्ठभागावर चिकटण्याचा, शुद्ध पुरावा म्हणून मांडणे बरोबर नाही. जे ठामपणे म्हणता येते ते वेगळे आहे. एवढ्या लांब उडून आलेला इंधनाचा कण फार तर मायक्रॉनभराचा. त्याची घनता पाण्याच्या १०.९ पट असली तरी स्टोक्सच्या नियमाने तो दिवसाला अर्धा मीटरसुद्धा उतरत नाही. स्वतःच्या वजनावर त्याला २०० मीटरला वर्षाहून जास्त लागले असते. तेव्हा सीरिअम विरघळलेले असो वा कणरूप, सात दिवसांत खाली जायला त्याला कोणाच्या तरी लेंडीत बसावेच लागले. चिकटण्याबद्दल हा प्रयोग पूर्ण निकाल देत नाही. वाहून नेण्याबद्दल देतो. रुथेनिअमबद्दल तर आणखी सावध राहायला हवे, कारण ते अंशतः वाफ होऊन आणि अंशतः जवळपास शुद्ध धातूच्या तापलेल्या कणांच्या रूपात आले. पुस्तकातला गुणांक त्याला लावण्यात अर्थ नाही.

युरेनिअमचा रोजचा प्रयोग

चिकटण्याचा वेग वेगळा मोजायला अपघाताची गरज नाही. समुद्राच्या पाण्यात युरेनिअम-२३८ सगळीकडे जवळपास सारखे विरघळलेले असते, क्षारतेच्या प्रमाणात. त्याच्यापासून थोरिअम-२३४ सतत तयार होते, अर्धायुष्य २४.१ दिवस. थोरिअम जन्मतःच एकटा, विरघळलेला अणू असतो, त्यामुळे इंधनकणांसारखा संशय इथे नाही. पाणी निवांत राहिले तर दोघांची किरणोत्सारिता सारखी व्हायला हवी. कण थोरिअमला खाली नेत असतील तर ते कमी भरते, आणि जेवढे कमी तेवढा वेग जास्त. १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या भट, कृष्णस्वामी, लाल, रामा यांनी विलर्ड मूर यांच्यासह समुद्रातल्या या गुणोत्तरावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आज जगभर जी पद्धत वापरली जाते तिचा पाया तो.

सध्याची कृती चार लिटर पाण्यावर होते. पाणी बाटलीत घेताच नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचे. ही पायरी पुढे ढकलली की थोरिअम बाटलीच्या भिंतीला चिकटते. कणांना चिकटणारी गोष्ट प्लास्टिकलाही सोडत नाही. ज्ञात प्रमाणात थोरिअम-२३० टाकायचे, म्हणजे शेवटी किती हाती लागले ते कळते, आणि आठेक तास मिसळू द्यायचे. मग अमोनिआने पीएच ८ ते ८.१५ वर आणायचा, लिटरला ७.५ ग्रॅमच्या पोटॅशिअम परमँगनेटचे ५० मायक्रोलिटर घालून हलवायचे, आणि मग लिटरला २० ग्रॅमच्या मँगनीज क्लोराइडचे तेवढेच. दोघांमधून मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका बनतो, अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, आणि थोरिअम त्याच्यावर बसते. युरेनिअम वर पाण्यातच राहते, हे मुख्य. पीएच ८.१५ च्या वर गेला की गाळणे रखडते. ८ च्या खाली राहिला की साका नीट बनत नाही आणि हाती लागणे घटते. मँगनीज जास्त टाकले तर साका जाड होतो, बीटा किरण त्यातच अडतात आणि थोडे युरेनिअमही सोबत येते. म्हणून ही एवढीशी मात्रा.

आठ-बारा तासांनी २५ मिलिमीटरच्या क्वार्ट्झ गाळणीवर गाळायचे, वाळवायचे, पातळ प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमच्या पत्र्याने झाकायचे आणि बीटा मोजणीला लावायचे. मोजले जाते ते थोरिअम नव्हे, तर त्याच्यापासून निघालेले प्रोटॅक्टिनिअम, ज्याचा बीटा किरण २.२९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा असल्यामुळे पत्र्यातूनही आरपार जातो. मोजणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. सहा महिन्यांनी, थोरिअम-२३४ जवळपास संपल्यावर, तोच नमुना पुन्हा मोजायचा. उरलेला आकडा पार्श्वभूमी म्हणून वजा करायचा. ही दुसरी मोजणी टाळून ठरावीक पार्श्वभूमी वजा करणारे खोल पाण्यातही थोरिअमची तूट दाखवतात, जी तिथे नसते. उलट खोल पाणी हीच खरी परीक्षा: हजार मीटरखाली, तळापासून दूर, दोघे सारखे आले नाहीत तर आधी आपली मोजणी तपासायची.

हिशोब सोपा आहे. विरघळलेल्या आणि कणांवरच्या थोरिअमची बेरीज घेतली तर त्याचा पाण्यातला सरासरी मुक्काम म्हणजे ३४.८ दिवस गुणिले थोरिअम, भागिले (युरेनिअम वजा थोरिअम). थोरिअम युरेनिअमच्या ८० टक्के असेल तर १३९ दिवस. निम्मे असेल तर ३५ दिवस. वायव्य भूमध्य समुद्रात क्षारता ३८ च्या आसपास, म्हणून युरेनिअम लिटरमागे मिनिटाला सुमारे २.७ विघटने. वरच्या १०० मीटरमध्ये थोरिअम सरासरी २.२ असेल तर चौरस मीटरखालची तूट मिनिटाला ५० हजार विघटनांची, आणि दिवसाला खाली जाणारे थोरिअम मिनिटाला १,४४० विघटनांइतके. हे गणित स्थिर अवस्थेसाठी आहे. प्लवकांचा बहर सुरू होत असताना किंवा ओसरत असताना एकाच दिवसाच्या नमुन्यावर ते लावले तर उत्तर दुपटीने चुकू शकते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना घेऊन बदलाचा वेग मिळवावा लागतो.

वरच्या १०० मीटरमधले थोरिअमचे हे मुक्काम आठवड्यांत आणि महिन्यांत मोजावे लागतात, तर कोर्सिकाजवळ सीरिअमचा मोठा झोत सात दिवसांत खाली दिसला. यात विसंगती नाही. सापळ्याने सर्वात वेगवान गठ्ठे कधी आले ते सांगितले. थोरिअम सगळ्या अणूंचा सरासरी मुक्काम सांगते. बहुतेक अणू पाण्यात किंवा न बुडणाऱ्या बारीक कणांवर आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. गाळणीतून निसटणारे ०.४५ मायक्रॉनहून लहान कलिल कण यात आणखी घोळ घालतात. त्यांच्यावर बसलेला धातू 'विरघळलेला' म्हणून मोजला जातो, आणि कण जास्त असलेल्या पाण्यात कलिलही जास्त असल्यामुळे वितरण गुणांक घटल्यासारखा दिसतो.

आपल्या पाण्यात

अरबी समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन सहकाऱ्यांबरोबर १९८६ पासूनच खोल सापळे टाकले. तिथे कण खाली पडण्याचा जोर वर्षात दोनदा वाढतो: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांत. मधल्या महिन्यांत तो बराच ओसरतो. मेच्या सुरुवातीला पृष्ठभागावर पडलेला धातू आणि ऑगस्टमध्ये पडलेला धातू, दोन्हींचा गुणांक एकच असला तरी खाली जाण्याचा वेग एक नसणार. भूमध्य समुद्रात चेर्नोबिलची धूळ वसंतातल्या प्राणीप्लवकांच्या गर्दीत पडली, म्हणून सात दिवस. तीच भर उन्हाळ्यात पडली असती तर हा आकडा इतका लहान आला असता असे मानायला आधार नाही.

मुंबई बंदर किंवा ठाण्याच्या खाडीसारख्या गढूळ पाण्यात हिशोब पूर्ण उलटतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम गाळ धरला तर ४,००० च्या गुणांकाने सीझिअमचासुद्धा २९ टक्के भाग कणांवर बसतो आणि थोरिअम जवळपास सगळेच. लेंड्यांची तिथे गरज नाही. भरती-ओहोटीच्या मध्ये गाळ आपला आपण बसतो. पण पुढच्या उधाणाला तो पुन्हा उठतोही, आणि बसलेला धातू पुन्हा पाण्याच्या संपर्कात येतो. शिवाय ४,००० हा आकडा डोळे मिटून घेऊ नये. सीझिअमला खास पकडणारी जागा इलाइट मातीच्या कणांच्या झिजलेल्या कडांवर असते. दख्खनच्या बेसॉल्टमधून वाहून आलेल्या गाळात स्मेक्टाइट ही वेगळ्या प्रकारची चिकणमाती जास्त असते, तिच्यात अशा जागा कमी. स्थानिक गाळ, स्थानिक पाणी, दोन-तीन वेगवेगळी गाळमात्रा आणि निदान काही आठवड्यांचा संपर्ककाळ घेऊन गुणांक प्रयोगशाळेत काढावा. चोवीस तासांत संपवलेल्या चाचणीत सीझिअम अजून कडांच्या आत शिरतच असते, त्यामुळे तिथून आलेला आकडा दीर्घकाळच्या गणितासाठी वापरायचा नाही.